द्राक्षमद्यास लागणारा बुचाचा वास

द्राक्षमद्याच्या बाटलीचे बूच काढताच पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा कुबट वास आला, तर दोष द्राक्षांस देण्याची चाल आहे. हा न्याय बरोबर नाही. पुष्कळदा द्राक्ष निर्दोष असून दोष बुचाचा असतो.

बूच म्हणजे पोर्तुगाल वगैरे देशांतील एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. सालीत क्लोरिनयुक्त द्रव्य शिरले व ओलीने बुरशी वाढली, म्हणजे त्या द्रव्यापासून बुरशी ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचा पदार्थ बनविते. वासाचे मुख्य कारण हाच पदार्थ, असे स्वित्झर्लंडातील हान्स टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली प्रसिद्ध केले. एका लिटरात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश इतका तो असला तरी स्वाद मारला जातो. प्रकृतीस मात्र त्यापासून अपाय नाही.

प्रथम दोष नीट ओळखावा. शिरक्यासारखा आंबूस वास आल्यास बाटलीत हवा शिरली असे समजावे. बूच वर सरकून मद्य पाझरले असल्यास वऱ्हाडचा उन्हाळा बाधला असे बहुधा समजावे. बुचाचा वास बाटली उघडी ठेवल्याने जात नाही. असे मद्य चांगल्या मद्यात मिसळू नये, तेही नासते. बाटली बुचासह व पावतीसह दुकानदारास परत करावी. मात्र एका बाटलीवरून सगळी पेटी टाकू नये, कारण प्रत्येक बूच निराळे असते. दुसरी बाटली उघडून पाहावी. तीही तशीच निघाल्यास कारखान्यातील लाकूड किंवा पिंपे दूषित असण्याचा संभव आहे. अशा वेळी फिरकीच्या झाकणानेही बचाव होत नाही.

नांदगाव खंडेश्वराकडील शेतकऱ्यांस याचे काय, असे कोणी म्हणेल. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेल्या बेदाण्यांसही हाच वास लागला होता. तेथे दोष पुठ्ठ्याच्या खोक्यांत व मालपेट्यांच्या लाकडी तळात निघाला. आमच्या संत्र्यांच्या पेट्या, तुरीची पोती व कोठारातील फळ्या यांसही हाच नियम लागू आहे. लाकूड ब्लीचिंग पावडरीने धुऊन ओले रचू नये. साध्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. कीटकनाशके व लाकडास लावावयाची औषधे कोठाराबाहेर ठेवावी.

माल वर्षभर कष्टाने पिकवावा आणि नाव भांड्याने घालवावे, असे आम्ही होऊ देऊ नये.