परदेशातील पगार आणि घरचा हिशेब

महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक कुटुंबांचा संसार पूर्वापार बाहेरगावच्या कमाईवर चालत आला आहे. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीत एक सोय होती. तेथील व येथील रुपया एकच असे. आखाती देशांतील नोकरीत ही सोय उरत नाही.

एके काळी ती तेथेही होती. कुवेत, बहारीन, कतार आदी प्रदेशांत भारतीय रुपयाच चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तेथील वापरासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार सुरू केला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला, तेव्हा कतार व दुबईनेही रुपया सोडला.

नाण्याच्या नावावरून त्याचे मोल कळत नाही. सौदी अरेबियात एका डॉलरला ३.७५ रियाल पडतात. उलट ओमानच्या एका रियालला सुमारे २.६० डॉलर मिळतात. म्हणजे ओमानचा एक रियाल सौदीच्या जवळजवळ पावणेदहा रियालांच्या बरोबरीचा होय. तेव्हा ओमानमधील १५० रियालांचा पगार सौदीतील १,४०० रियालांहून अधिक भरतो.

विनिमयाचा दर समजला तरी हिशेब पुरा होत नाही. सोयीसाठी एका दिरहमचे २० रुपये धरू. दुबईतील १,५०० दिरहम पगाराचे ३०,००० रुपये होतात. तेथील जेवणखाण व इतर खर्चाचे ६०० दिरहम वजा जाता ९०० दिरहम, म्हणजे १८,००० रुपये उरतात. जाण्यासाठी दरमहा शेकडा २ व्याजाने १,२०,००० रुपये कर्ज काढले असल्यास २,४०० रुपये व्याजातच जातात. हाती राहतात १५,६०० रुपये, आणि मुद्दल अद्याप फिटावयाचेच असते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील पगाराशी तुलना करावयाची ती या आकड्याची. ३०,००० रुपयांची नव्हे. मात्र येथील पगारातूनही कामगाराचा स्वतःचा खर्च वजा केला पाहिजे.

करारावर सही करण्यापूर्वी मूळ पगार किती, भत्ते कोणते, निवास, भोजन व विमानभाडे कोणाकडे, कामाचे तास किती, हे लेखी पाहावे. भरती करणारा दलाल सरकारी नोंदणीचा आहे, याची खात्री करून घ्यावी. शिक्षकांनी हे गणित वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मांडल्यास, जमीन गहाण टाकण्यापूर्वीच कुटुंबाला खरा आकडा कळेल.