जुन्या घरातील वायरिंगची सुधारणा व तारतंत्र्याची निवड

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत राज्यातील बहुतेक खेड्यांत वीज पोहोचली. त्या काळी शेतकऱ्याच्या घरी विजेचा उपयोग म्हणजे ओसरीवर एक दिवा, माजघरात एक दिवा आणि ऐपत असल्यास एखादा पंखा एवढाच असे. त्या मानाने केलेले वायरिंग पुष्कळ वाड्यांतून व माळवदाच्या घरांतून आजही तसेच आहे. मात्र त्यावर चालणारी उपकरणे आता पूर्वीची राहिलेली नाहीत. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, पाणी तापविण्याचा हीटर, पाण्याची मोटार आणि गोठ्यातील कडबाकुट्टी हा सर्व भार त्याच जुन्या तारांवर पडतो. त्यातून घराला आग लागणे, गोठ्यात जनावर दगावणे आणि प्रसंगी माणूस प्राणास मुकणे असे अपघात घडतात. योग्य वेळी वायरिंग सुधारून घेतल्यास यांपैकी बहुतेक अपघात टाळता येण्याजोगे आहेत.

जुन्या वायरिंगचे दोष

जुन्या घरांत लाकडी पट्टीवर खिळलेल्या तारा किंवा लाकडी केसिंगमधून नेलेल्या तारा आढळतात. अशा पुष्कळ तारांवरील वेष्टन रबराचे असते. उष्णतेने व काळाच्या ओघात हे रबर वाळते, त्याला भेगा पडतात आणि हात लागताच ते गळून पडते. वेष्टन बाहेरून धड दिसले तरी आढ्याजवळ उंदरांनी ते कुरतडलेले असण्याचा संभव असतो. पुष्कळ घरांत अॅल्युमिनिअमच्या तारा आहेत. त्यांचे सांधे कालांतराने सैल होतात, सांध्यावर गंज चढतो आणि तेथे उष्णता निर्माण होते. अॅल्युमिनिअमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून जोडल्यास हा दोष अधिकच वाढतो. माळ्यावर कडबा, भुसा किंवा गोवऱ्या साठविलेल्या असतील, तर अशा एका सांध्यातील ठिणगीही घर भस्मसात करण्यास पुरेशी होते.

बटण किंवा बोर्ड हाताला गरम लागणे, जळका वास येणे, मोटार सुरू होताच दिवे मंद होणे, फ्यूज वारंवार उडणे आणि भिंतीला, नळाला किंवा पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येणे ही धोक्याची लक्षणे समजावीत. यांपैकी शेवटचे लक्षण दिसल्यास मुख्य स्विच बंद करून त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

भाराचा हिशोब

वायरिंग बदलण्यापूर्वी घरातील भाराचा हिशोब करावा. समजा, एका घरी ९ वॅटचे १० दिवे, ७५ वॅटचे ४ पंखे, ५०० वॅटचा मिक्सर, १००० वॅटची इस्त्री आणि २००० वॅटचा हीटर आहे. ही सर्व उपकरणे सकाळी एकाच वेळी चालू झाल्यास भार ३८९० वॅट होतो. त्यास २३० व्होल्टने भागले असता विद्युत प्रवाह सुमारे १७ अँपिअर येतो. मूळ तार ५ अँपिअरच्या हिशोबाने घातलेली असेल, तर तिच्यातून तिप्पटीहून अधिक प्रवाह जाऊ लागतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच प्रवाह तिप्पट झाल्यास उष्णता नऊपट होते. अशा वेळी फ्यूज वितळतो. तो वारंवार वितळू लागला म्हणजे त्यात जाड तार घालण्याचा प्रघात खेडोपाडी दिसतो. तसे केल्याने फ्यूज वितळणे थांबते खरे, परंतु त्याच्याऐवजी भिंतीतील तार तापू लागते.

नव्या मांडणीत दिवे व पंखे यांचे वर्तुळ, म्हणजे सर्किट, वेगळे ठेवावे. अशा एका सर्किटवर १० पेक्षा अधिक पॉइंट व ८०० वॅटपेक्षा अधिक भार असू नये. हीटर, इस्त्री व पाण्याची मोटार यांकरिता १६ अँपिअरची स्वतंत्र सर्किटे घ्यावीत. दिव्यांसाठी १·५ चौरस मिलिमीटर आणि १६ अँपिअरच्या प्लगसाठी निदान २·५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरावी. त्या सर्किटांवर अनुक्रमे ६ व १६ अँपिअरचे एमसीबी बसवावेत. तारेच्या क्षमतेपेक्षा एमसीबीची क्षमता केव्हाही मोठी असू नये. कडबाकुट्टीची २ अश्वशक्तीची एकफेजी मोटार सुमारे १२ अँपिअर प्रवाह घेते व सुरू होताना त्याच्या कित्येक पट घेते. म्हणून तिला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार आणि स्टार्टर द्यावा. भार मंजूर मर्यादेबाहेर जात असल्यास महावितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. मीटरपुढील घरातील वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अर्थिंग व आरसीसीबी

फ्यूज किंवा एमसीबी असला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असा एक गैरसमज आहे. ५ अँपिअरच्या फ्यूजमधून ५००० मिलिअँपिअर प्रवाह निर्वेध जातो. माणसाच्या छातीतून मात्र काही दशक मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी मृत्यू ओढवू शकतो. तेव्हा फ्यूज व एमसीबी हे मुख्यतः तारेचे रक्षण करतात. माणसाच्या रक्षणाकरिता चांगले अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही दोन्ही आवश्यक आहेत. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत आला नाही, म्हणजे तो कोठेतरी जमिनीत जात आहे, हे आरसीसीबी ओळखतो आणि क्षणार्धात पुरवठा तोडतो. मात्र फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागल्यास, आणि प्रवाह जमिनीत जात नसल्यास, तो वाचवू शकत नाही. जादा भारही त्यास कळत नाही. म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी असलाच पाहिजे.

जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसविला असता तो पुष्कळदा वारंवार पडतो. अशा वेळी तो काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला कधीही मानू नये. आरसीसीबी पडतो याचा अर्थ घरात कोठेतरी गळती आहे, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. एकेक सर्किट बंद करून तपासल्यास दोषाची जागा सापडते. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

अर्थिंगसाठी निदान ४० मिलिमीटर व्यासाचा व २·५ मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी पाइप ओलसर जागी पुरावा आणि भोवती कोळसा व मीठ घालावे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे. अर्थिंगचा रोध ५ ओहमपेक्षा कमी असावा. प्लगमधील अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडण्याची पद्धत अतिशय घातक आहे. न्यूट्रल कोठे तुटल्यास त्या घरातील सर्व उपकरणांच्या धातूच्या अंगात वीज उतरते. तसेच न्यूट्रल नसताना फेज व अर्थिंग यांवर दिवा अथवा मोटार चालविणे शेतावर व घरी सर्रास आढळते. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची जमीन आणि त्याच अर्थिंगला जोडलेली सर्व उपकरणे विद्युतभारित होऊ शकतात.

गोठा, पत्रा व कपड्यांची तार

गोठ्यातील जमीन शेण-मुताने सदैव ओली असते. जनावराचे पुढचे व मागचे पाय लांब अंतरावर असल्याने जमिनीतून वाहणारी वीज त्याच्या शरीरातून, हृदयाजवळून जाते. त्याच्या पायांत पादत्राण नसते. म्हणून माणसाला केवळ झिणझिण्या येतील अशा ठिकाणी बैल किंवा गाय मरण पावते. गोठ्यात तारा जनावराच्या तोंडाच्या व शिंगांच्या टप्प्याबाहेर, पीव्हीसी पाइपातून न्याव्यात. बटणे व प्लग गोठ्याच्या बाहेर, कोरड्या जागी ठेवावेत. गोठ्याच्या सर्किटला आरसीसीबी अवश्य असावा.

पत्र्याच्या छपरातून तार आत घेताना पत्र्याची कड वेष्टन कापते व सगळा पत्रा विजेने भारतो. तेथे तार पाइपातूनच आत घ्यावी. कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार वापरू नये, आणि ती विजेच्या खांबाला वा सर्व्हिस वायरच्या आधाराला तर मुळीच बांधू नये. नायलॉनची अथवा सुंभाची दोरी वापरावी. पांढऱ्या मातीच्या भिंतींत खाचा पाडल्यास भिंत कमकुवत होते व ओल तारेपर्यंत पोहोचते. अशा घरांत भिंतीवरून पाइप नेणेच इष्ट होय.

तारतंत्र्याची निवड

दिवे, पंखे, फ्यूज व बटणे बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता, वायरिंगचे काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून, परवानाधारक तारतंत्र्याच्या हातून करून घ्यावे, असा नियम आहे. गावातील मोटार वाइंडिंग करणारा कारागीर आपल्या कामात कितीही निष्णात असला, तरी घराची मांडणी आखणे व तपासणे हे वेगळे शास्त्र आहे. ओळखीचा माणूस म्हणून किंवा शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून परवान्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. काम ठरविण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. परवाना प्रत्यक्ष पाहावा व त्याची मुदत संपलेली नाही याची खात्री करावी. शंका आल्यास जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी करावी.

२. घर पाहून गेल्यावर लेखी अंदाजपत्रक मागावे. तारेची जाडी व लांबी, एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंग आणि मजुरी ही कलमे त्यात वेगवेगळी असावीत. शक्य तर दोघांची अंदाजपत्रके ताडून पाहावीत.

३. तारा व इतर साहित्य आयएसआय चिन्हाचे असावे व त्याची पावती घ्यावी.

४. ज्यांच्या घरी त्याने पूर्वी काम केले आहे, अशा दोन-तीन घरी जाऊन विचारावे.

५. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. शेवटचा हप्ता चाचणीनंतर द्यावा.

काम झाल्यावर चाचणी समक्ष करून घ्यावी. ५०० व्होल्टच्या मेगरने तपासले असता वेष्टनाचा रोध एक मेगओहमपेक्षा कमी नसावा. अर्थिंगचा रोध मोजावा. प्रत्येक बटण फेजवरच आहे, न्यूट्रलवर नाही, हे पाहावे. काळी तार न्यूट्रलची व हिरवी तार अर्थिंगची, हा संकेत पाळलेला असावा. चाचणीचा सहीचा दाखला व सर्किटांचा नकाशा घरी जपून ठेवावा.

पैसा बेताचा असल्यास

सर्व घराचे वायरिंग एकदम बदलण्याची ऐपत नसल्यास काम टप्प्याटप्प्याने करावे. प्रथम मुख्य स्विच, अर्थिंग व आरसीसीबी ही कामे करावीत, कारण थोड्या खर्चात प्राणरक्षण याच कामांनी होते. दुसऱ्या टप्प्यात गोठा, न्हाणीघर व स्वयंपाकघर घ्यावे. तिसऱ्या टप्प्यात उरलेल्या खोल्या घ्याव्यात. तोवर जुन्या तारांवर हीटर व इस्त्री चालवू नये. रब्बीची मळणी आटोपल्यापासून वळीव येईपर्यंतचा काळ या कामास सोयीचा असतो. त्या वेळी भिंती कोरड्या असतात व हाती थोडा पैसाही असतो.

एखाद्यास विजेचा धक्का बसल्यास त्यास हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करावी. श्वास बंद असल्यास छातीवर दाब देण्यास व कृत्रिम श्वासोच्छ्वासास त्वरित आरंभ करून १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. घरातील स्त्रियांना व मोठ्या मुलांना मुख्य स्विच कोठे आहे व तो कसा बंद करावा, हे आजच दाखवून ठेवावे.

एका दुभत्या म्हशीच्या किमतीच्या मानाने आरसीसीबी व अर्थिंग यांचा खर्च अगदी अल्प आहे. माणसाच्या जिवाची तर किंमतच करता येत नाही. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनी यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या घराची व गोठ्याची वायरिंग परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासून घ्यावी.