परमुलखात पाय रोवताना

(काही दिवस काम करायचे, त्या पैशांतून देश पाहायचा आणि मुदत संपली की घरी परतायचे, अशा बेताने आज अनेक तरुण परदेशी जातात. त्यांना प्रवासी कामगार म्हणता येईल. ऑस्ट्रेलियात अशा तरुणाला सुरुवातीच्या दिवसांत काय करावे लागते व कोठे सावध राहावे लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

परदेशात कामाला जाणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कितीतरी घरांतले काका, मामा किंवा मोठे भाऊ कुवेत, दुबई, दोहा येथे नोकरीला गेलेले असतात. तेथे जाणाऱ्याचा मालक बहुधा आधीच ठरलेला असतो. कराराचा कागद हाती असतो आणि राहण्याची सोयही पुष्कळदा मालकच करतो. प्रवासी कामगाराचे तसे नसते. विमानतळावर त्याची वाट पाहणारे कोणी नसते. काम, खोली, जेवण आणि सोबती हे सारे त्याला स्वतःच शोधावे लागते.

ऑस्ट्रेलियाने अशा तरुणांसाठी १९७५ मध्ये विशेष परवाना सुरू केला. प्रथम तो ब्रिटन, आयर्लंड व कॅनडा या देशांतील तरुणांसाठी होता. पुढे इतर देशांशीही करार झाले. भारतीय तरुणांना २०२४ पासून 'वर्क अँड हॉलिडे' हा परवाना मिळू लागला. वर्षाला १००० जागा असतात व अर्ज करण्याची संधी सोडत काढून दिली जाते. अर्जदाराचे वय १८ ते ३० वर्षे असावे लागते. शालेय शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण झालेले असावे लागते व कामापुरते इंग्रजी यावे लागते. सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ असावेत अशीही अपेक्षा असते. परवान्याची मुदत एक वर्षाची असते. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ काम करता येत नाही.

तेथे उतरल्यावर पहिले काही दिवस बहुतेक तरुण प्रवाशांच्या वसतिगृहात राहतात. एका खोलीत सहा-आठ पलंग, एकावर एक रचलेले. स्वयंपाकघर सर्वांचे मिळून एकच. आपला तांदूळ, आपली डाळ पिशवीत घालून तिच्यावर नाव लिहून ठेवायचे. भांडी ज्याची त्याने घासायची. घरी ज्याने कधी चहाचा कपही विसळला नाही, त्याला पहिल्याच दिवशी हा धडा मिळतो.

पहिल्या आठवड्यात तीन कामे उरकावी लागतात. स्थानिक फोन क्रमांक घ्यायचा, बँकेत खाते उघडायचे आणि कर क्रमांकासाठी अर्ज करायचा. हा कर क्रमांक नऊ आकडी असून तो तेथील सरकारचे कर खाते देते. त्यासाठी एक पैसाही पडत नाही. तरीही काही दलाल नवख्या माणसाकडून या कामाचे पैसे उकळतात. क्रमांक मालकाला दिला नाही, तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. तो दिला आणि मालकाने कर खात्याकडे नोंदणी केलेली असली, की प्रवासी कामगाराच्या ४५,००० डॉलरपर्यंतच्या मिळकतीवर पंधरा टक्के कर बसतो. एका साध्या क्रमांकाने एवढा फरक पडतो!

त्यानंतर खोलीचा शोध सुरू होतो. खोली भाड्याने घेताना अनामत रक्कम द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती चार आठवड्यांच्या भाड्याइतकी असते. रीतसर भाडेकरार असेल, तर ही रक्कम घरमालकाच्या खिशात राहत नाही. ती राज्य सरकारच्या कचेरीत जमा होते. खोली सोडताना मोडतोड नसेल व भाडे थकलेले नसेल, तर ती परत मिळते. म्हणून शहाणा भाडेकरू पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या ओरखड्यांची व फुटलेल्या काचांची छायाचित्रे काढून ठेवतो. खोली न पाहताच कोणी पैसे मागितले, तर तेथून निघून जावे.

वसतिगृह असो वा खोली, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता हे आधी पाहून ठेवावे. २३ जून २००० रोजी क्वीन्सलंडमधील चिल्डर्स या गावी प्रवाशांच्या वसतिगृहाला आग लागली. त्या आगीत पंधरा तरुण मरण पावले. त्यांतले बरेच जण परदेशांतून आलेले होते. आग, अपघात किंवा जिवावरचे संकट आले, तर तेथे तीन शून्ये, म्हणजे ००० हा क्रमांक फिरवतात.

काम शोधताना ऋतू समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा तेथे उन्हाळा असतो. व्हिक्टोरिया राज्यातील शेपार्टनच्या आसपास नासपती, सफरचंद व पीच यांच्या मोठ्या बागा आहेत. त्यांची तोडणी उन्हाळ्यात सुरू होते. मिल्ड्युराकडे द्राक्षे होतात. आपल्या तासगाव-सांगली भागाप्रमाणे तेथेही द्राक्षे वाळवून बेदाणा करतात. उत्तरेस टली येथे केळी पिकतात व तेथे वर्षभर काम असते. शहरात राहणाऱ्यांना उपाहारगृहांत, गोदामांत किंवा साफसफाईचे काम मिळते.

बागेतले काम दुरून सोपे वाटते. प्रत्यक्षात पहाटे उठावे लागते. शिडीवर चढून, गळ्यात पिशवी अडकवून फळे उतरवावी लागतात. देठ तुटला किंवा फळाला डाग पडला, तर मुकादम ते बाजूला काढतो. ऊन फार कडक असते. टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि पाण्याची मोठी बाटली नसेल, तर दुपारपर्यंत डोके गरगरू लागते.

पण मेहनतीपेक्षाही अवघड असतो तो हिशेब. पुष्कळदा फळांची पेटी भरेल तसे पैसे मिळतात. याला आपल्याकडे उक्ते काम म्हणतात. पूर्वी नवशिक्याला दिवसभर राबूनही जेवणाखाण्यापुरतेच पैसे मिळत. एप्रिल २०२२ मध्ये नियम बदलला. आता पेट्या कमी भरल्या, तरी जितके तास काम केले तितक्या तासांची किमान मजुरी द्यावीच लागते. १ जुलै २०२५ पासून देशाचा किमान दर तासाला २४.९५ डॉलर असा ठरला. ज्याचे काम कायम नाही, त्याला मूळ दरावर सहसा पंचवीस टक्के अधिक मिळतात. पगार झाल्यावर एका कामकाजाच्या दिवसाच्या आत पगाराची चिठ्ठी देणे मालकाला बंधनकारक आहे. तिच्यावर मजुरी व कापलेला कर लिहिलेला असतो.

पगाराखेरीज मालकाने कामगाराच्या म्हातारपणासाठीही पैसे भरायचे असतात. जुलै २०२५ पासून ते मजुरीच्या बारा टक्के आहेत. देश सोडताना प्रवासी कामगाराला हे पैसे मागता येतात. मात्र त्यांतून पासष्ट टक्के कर कापून घेतला जातो. उरलेली रक्कम थोडी असली, तरी ती आपल्याच घामाची असते. कित्येक जण माहिती नसल्यामुळे ती न मागताच निघून जातात.

सगळेच मालक सरळ नसतात. एखादा ठेकेदार म्हणतो, "कागदबिगद कशाला? रोख पैसे घे आणि कामाला लाग." दुसरा म्हणतो, "पासपोर्ट माझ्याकडे ठेव, सुरक्षित राहील." नवा माणूस घाबरतो. तक्रार केली तर आपला परवाना जाईल, असे त्याला वाटते. घरी कर्ज असेल, तर तो आणखीच गप्प बसतो. त्याच्या या गप्प बसण्यावरच लबाड ठेकेदाराचे पोट भरते.

अशा वेळी काय करावे? पासपोर्ट कोणाच्याही स्वाधीन करू नये. एका वहीत रोज तारीख, कामाचे तास, भरलेल्या पेट्या आणि मिळालेले पैसे लिहावेत. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. मजुरी बुडाली, तर 'फेअर वर्क' या सरकारी कार्यालयाकडे दाद मागता येते. त्याला शुल्क नाही. परदेशी कामगारालाही तेथील कामगाराइतकेच मजुरीचे हक्क आहेत. १ जानेवारी २०२५ पासून तर जाणूनबुजून मजुरी कमी देणे हा फौजदारी गुन्हा ठरला आहे. इंग्रजीत नीट बोलता येत नसेल, तर १३१ ४५० या क्रमांकावर सरकारी दुभाषा मिळतो. तेथे उर्दू जाणणारे दुभाषेही असतात. दाद मागताना मात्र ती वही आणि त्या चिठ्ठ्याच उपयोगी पडतात. नुसत्या रागाचा तेथे काही उपयोग होत नाही.

तेथील रीतीही समजून घ्याव्या लागतात. मालकाला 'सर' म्हणत नाहीत. मालक असो वा मुकादम, त्याला नावाने हाक मारतात. त्यात त्याचा अपमान नसतो. सकाळच्या चहाच्या सुट्टीला 'स्मोको' म्हणतात आणि दुपारला 'आर्वो'. काम समजले नाही तरी मान डोलावणे हे तेथे फार महागात पडते. यंत्राजवळ तर त्यामुळे हातही जाऊ शकतो. "समजले नाही, पुन्हा सांगा" असे म्हणण्यात कमीपणा नाही.

हलाल अन्नाची चिंता अनेकांना असते. सिडनीतील लाकेम्बा भागात हलाल मांसाची दुकाने व उपाहारगृहे पुष्कळ आहेत. लहान गावात मात्र ती मिळतीलच असे नाही. तेथे डाळ, भात, अंडी, भाजी स्वतः रांधता आली की प्रश्न सुटतो. शेपार्टनला १९६० मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील पहिली मशीद बांधली गेली. ती बांधणारे लोक अल्बेनियातून आलेले होते. १९२० नंतरच्या काळात त्यांच्यातले पहिले लोक या भागात मजूर म्हणून आले, बागांतून राबले आणि पुढे त्यांतले काही जण बागांचे मालक झाले.

त्यांच्याही आधी आपल्या भूमीजवळचे लोक त्या देशात गेले होते. १८६० मध्ये एका शोधमोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट व त्यांचे सारवान जहाजाने मेलबर्नला नेण्यात आले. पुढील साठ-सत्तर वर्षांत असे अनेक सारवान तेथे गेले. रेल्वे पोहोचली नव्हती तेथे त्यांनी वाळवंटातून धान्य, लोकर आणि तारायंत्राचे सामान वाहिले. बहुतेक जण ठराविक मुदतीच्या करारावर गेलेले तरुण होते. अ‍ॅडलेड शहरात १८८८-८९ मध्ये बांधलेली त्यांची मशीद आजही उभी आहे. तेथील लोक या सर्वांना 'अफगाण' म्हणत. त्यावरूनच अ‍ॅडलेड ते डार्विन या गाडीला 'द घॅन' असे नाव पडले.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर नवेपणा ओसरतो आणि घराची आठवण येऊ लागते. मेलबर्नला हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात. या फरकाचा विचार करून घरी फोन करण्याची एक वेळ ठरवून टाकावी. फोनवर "सगळे ठीक आहे" एवढेच सांगू नये. अडचण असेल तर तीही सांगावी. सिडनी, मेलबर्न येथे मराठी मंडळे आहेत. मशिदीत, मंडळात किंवा खेळाच्या मैदानावर चार माणसे भेटली, तर मन रमते आणि कधी कामाचा पत्ताही मिळतो.

हळूहळू बसचे मार्ग पाठ होतात. दुकानदार ओळखीचे हसू लागतो. कालपर्यंत दुसऱ्याला वाट विचारणारा आज एखाद्या नवख्याला वाट दाखवतो. त्याला सांगण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे, एक वही विकत घे आणि आजपासूनच हिशेब लिही.

शब्दार्थ

परमुलूख – परका देश
सोडत – चिठ्ठ्या टाकून निवड करणे
दलाल – मध्यस्थ
अनामत रक्कम – हमी म्हणून ठेवलेले पैसे
उक्ते काम – तासांवर नव्हे, तर कामाच्या मापावर पैसे मिळणारे काम
मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा
दुभाषा – एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा
सारवान – उंट हाकणारा

वाक्प्रचार

पाय रोवणे – स्थिर होणे
पैसे उकळणे – फसवून किंवा धाक घालून पैसे घेणे
दाद मागणे – न्याय मागणे
महागात पडणे – मोठे नुकसान होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारतीय तरुणांना 'वर्क अँड हॉलिडे' परवाना कोणत्या वर्षापासून मिळू लागला?
(आ) कर क्रमांक मालकाला न दिल्यास काय होते?
(इ) शेपार्टनची मशीद कोणी बांधली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) शहाणा भाडेकरू पहिल्याच दिवशी खोलीची छायाचित्रे काढतो.
(आ) मजुरी बुडाली तरी नवा माणूस तक्रार करीत नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आखाती देशात नोकरीला जाणारा आणि प्रवासी कामगार यांच्यात कोणता फरक आहे?
(आ) एप्रिल २०२२ मधील नियमामुळे नवशिक्या कामगाराचा कोणता फायदा झाला?

प्र. ४. पुढील मराठी शब्दांशी मिळतेजुळते उर्दू शब्द लिहा. उच्चारात व अर्थात काय फरक पडला ते वर्गात सांगा.
मुलूख, हिशेब, कागद, मजूर, अनामत, रक्कम, हंगाम, अर्ज

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
पाय रोवणे, दाद मागणे, महागात पडणे

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील परदेशात काम केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटा. तेथील पहिला महिना कसा गेला, हे त्यांना विचारा व दहा ओळींत मराठीत लिहा.