अभ्यासपाठ : पुष्कळांचे सुख आणि देणाऱ्याचे मन

या पाठासाठी 'गीतारहस्या'चे चौथे प्रकरण, 'आधिभौतिक सुखवाद', घेतले आहे. लोकमान्यांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला आणि तो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकरणाचे नाव जड वाटले तरी विषय रोजचा आहे : एखादे कर्म योग्य की अयोग्य, हे त्यातून किती जणांना सुख होते यावर ठरवावे काय?

१. सिद्धांत. इंग्लंडचे जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) आणि त्यांच्यानंतर जॉन स्टुअर्ट मिल यांचे म्हणणे असे की, ज्याने पुष्कळांचे पुष्कळ सुख साधते ते कर्म योग्य. या तराजूत श्रीमंताचे सुख आणि गरिबाचे सुख सारख्याच वजनाचे. टिळक या तत्त्वाला टाकाऊ म्हणत नाहीत. बाह्य गोष्टींचा विचार करायला याहून चांगले तत्त्व मिळणे कठीण, हे ते मान्य करतात.

२. अपुरेपणा. टिळकांनी दिलेले एक उदाहरण आपल्या याच देशातले आहे. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्रामगाडी सुरू व्हायची होती. सरकारी परवानगीला उशीर होऊ लागला, तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम सुरू झाली, लोकांची सोय झाली. तरीही व्यवस्थापकावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. केवळ सुखाची बेरीज पाहिली तर त्याने गावाचे भलेच केले होते. म्हणून टिळक म्हणतात की परिणामाबरोबर कर्त्याची बुद्धी शुद्ध होती की नाही, हेही पाहिले पाहिजे.

३. वैद्यकातला पडताळा. १९६२ मध्ये सिॲटल येथे डायलिसिसचे केंद्र उघडले. यंत्रे थोडी आणि रुग्ण पुष्कळ. कोणाला यंत्र द्यायचे, म्हणजे कोणी जगायचे, हे ठरवायला सात जणांची समिती नेमली गेली. त्यात वकील, धर्मगुरू, गृहिणी, बँकवाले असे लोक होते. रुग्णाला मुले किती, नोकरी कोणती, मिळकत किती, चर्चला जातो का, असे प्रश्न तेथे विचारात घेतले जात. 'समाजाला कोणाचा उपयोग अधिक' हा हिशेब माणसाची किंमत ठरवू लागला. हे प्रसिद्ध झाल्यावर लोक अस्वस्थ झाले. १९७२ च्या कायद्याने बहुतेक सर्व मूत्रपिंड-रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च मेडिकेअरकडे गेला.

अवयवांची टंचाई मात्र संपली नाही. २०१४ पासूनच्या वाटपनियमांत दोन्ही विचार आहेत. सर्वांत जास्त काळ टिकतील अशी मूत्रपिंडे आधी त्या रुग्णांना देऊ करतात, ज्यांचे आयुष्य सर्वांत जास्त अपेक्षित आहे. ही झाली सुखाची बेरीज. त्याच वेळी ज्यांना जुळणारा अवयव मिळणे फार अवघड, त्यांना जादा गुण मिळतात. हा झाला न्याय. संपत्ती किंवा हुद्दा कोठेच मोजला जात नाही.

४. दान. एका मृत दात्याच्या अवयवांनी आठ जणांपर्यंतचे प्राण वाचू शकतात. मग एका निरोगी माणसाचे अवयव बळाने काढून आठ जण वाचवावेत काय? बेरीज 'हो' म्हणेल. पण एवढी वर्षे वैद्यकी करून मी सांगतो की कोणताही वैद्य हे करणार नाही. दधीचि ऋषींची कथा आठवा. वृत्राला मारण्यासाठी देवांना त्यांच्या अस्थी हव्या होत्या. साऱ्या जगाचे हित पणाला लागले होते, तरी देवांनी त्या हिसकावल्या नाहीत, मागितल्या. ऋषींनी आपणहून दिल्या. वाटणाऱ्याने बेरीज जरूर पाहावी, घेणाऱ्याने संमती मागावी आणि देणाऱ्याने मनापासून द्यावे. माझ्या मते या प्रकरणाचे सार हेच.

५. आवाहन. या देशात एक लाखाहून अधिक लोक अवयवांची वाट पाहत आहेत. आपल्या लोकांत 'बी' रक्तगट पुष्कळ आढळतो. येथील दात्यांत तो कमी. त्यामुळे 'बी' गटाच्या रुग्णाला मूत्रपिंडासाठी सहसा अधिक थांबावे लागते. दवाखान्यात मी अशी कुटुंबे पाहिली आहेत, जी वर्षानुवर्षे फोनची वाट पाहतात. शवासोबत अवयव गेले तर अंत्यविधी अपुरा राहील, अशी शंका काही ज्येष्ठ मला विचारतात. अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात आणि दहनादी संस्कार नेहमीप्रमाणे होतात.

ड्रायव्हिंग लायसन्सचे नूतनीकरण करताना अवयवदात्याची नोंदणी करता येते. त्याला शुल्क नाही. नोंदणी केल्यावर घरी सांगून ठेवा, कारण ऐन वेळी इस्पितळातले लोक घरच्यांशीच बोलतात. ज्यांचे मन तयार नाही त्यांनी संकोच मानू नये; भिडेपोटी दिलेले दान हे दान नव्हे.

घरी चर्चेसाठी प्रश्न : (अ) ट्रामच्या व्यवस्थापकाला तुम्ही शिक्षा दिली असती का? (आ) माझ्यामागे माझ्या शरीराचे काय व्हावे, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे का?