रस्ता मोकळा करणारा वीर



"शूर कोणाला म्हणावे?" असे गुरुजींनी वर्गात विचारले. सगळ्यांनी लढाईत मरण आलेल्या वीरांचीच नावे सांगितली. मी मात्र गप्प बसले. माझे बाबा फौजेत आहेत. ते सुखरूप परत यावेत म्हणून आजी रोज देवापुढे दिवा लावते. मग जो परत येतो तो शूर नव्हे काय? शाळा सुटल्यावर मी गुरुजींना हे विचारले. त्यांनी मला मेजर राम राघोबा राणे यांची माहिती वाचायला दिली. तीच येथे देत आहे.

राणे यांचा जन्म 26 जून 1918 रोजी हावेरी येथे झाला. त्यांचे मूळ गाव कारवारजवळचे चेंडिये. वडील पोलीस खात्यात होते. 1940 साली राणे फौजेच्या बॉम्बे इंजिनिअर्स या पथकात भरती झाले. रस्ते करणे, पूल बांधणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे ही या पथकाची कामे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले.

एप्रिल 1948 मध्ये आपली फौज काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीला निघाली. राजौरीत लोक अडकले होते, पण रस्ता बंद! शत्रूने झाडे पाडून वाट अडवली होती आणि जमिनीत सुरुंग पुरले होते. सुरुंगावर वजन पडले की तो फुटतो. रणगाडेसुद्धा पुढे जाईनात. 8 एप्रिलला राणे व त्यांचे जवान सुरुंग काढू लागले. वरून उखळी तोफांचा मारा चालू होता. दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत राणेही होते, पण ते मागे गेले नाहीत. पुढचे तीन दिवस त्यांनी जवळजवळ विश्रांती न घेता वाट साफ केली. रणगाडे पुढे गेले आणि 12 एप्रिलला राजौरी हाती आली.

या कामगिरीबद्दल राणे यांना परमवीरचक्र मिळाले. आजवर 21 जणांना हे पदक मिळाले आहे. त्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर दिले गेले. 1947-48 च्या लढाईतील पाच परमवीरांपैकी दोघेच हयात होते, लान्स नायक करमसिंग आणि राणे.

पुढे राणे यांनी लग्न केले, मुलेबाळे वाढवली. अठ्ठावीस वर्षे नोकरी करून 1968 साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते 76 वर्षांचे होते. 2023 साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.

मित्रांनो, यावरून मला एक गोष्ट कळली. देशासाठी प्राण देणारा शूर आहेच. पण दुसऱ्यांचे प्राण वाचावेत म्हणून वाटेतले सुरुंग आपल्या हातांनी काढणारा आणि मग घरी येऊन साधेपणाने संसार करणाराही तेवढाच शूर आहे.

हा लेख मी आजीला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शहात्तर वर्षं जगला म्हणतेस? घरी, पोराबाळांत?" मी हो म्हटलं. "बरं झालं गं बाई," असं म्हणून ती दिव्यात तेल घालायला उठली.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी