तीस वाड्यांचे बेट

चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार ही नावे ऐकताच एका गावची आगगाडी व दुसऱ्याचा बाजार आठवतो. गोव्यातील तिसवाडीचे नावही असेच बोलके आहे. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस झुआरी, पूर्वेस त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी व पश्चिमेस समुद्र, असे हे बेट. येथे तीस वाड्या वसल्या, म्हणून ते तिसवाडी. झुआरीपलीकडे सहासष्ट गावांची सासष्टी.

या गावांतील शेते ‘गावकरी’ नावाच्या ग्रामसंस्थेची असत. खारे पाणी अडवणारे बांध एकट्यादुकट्याला कसे झेपणार? संस्था शेते लिलावाने कसायला देई आणि त्या उत्पन्नातून बांधांचा व देवळांचा खर्च भागवी. १५१० साली पोर्तुगिजांनी बेट जिंकले. तरी १५२६ मध्ये त्यांनाही गावकरीच्या वहिवाटी सनदेत नोंदवून घ्याव्या लागल्या.