सातबाऱ्यावरचे नाव आणि पाहुण्यांची खोली

आमच्या कापड दुकानात चादरी घेणारे गिऱ्हाईक अलीकडे दोन प्रकारचे असते. एक लग्नघरातले, दुसरे तारकर्ली-देवबागकडे पर्यटकांसाठी खोल्या काढणारे. त्यांच्या मागोमाग तिसरा इसम येतो. तो कापड घेत नाही. चहा घेतो आणि हळूच विचारतो, "शेठ, समुद्राजवळ कुणाची वाडी निघते का?" हा जमिनीचा दलाल. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. प्रत्येक वेळी या तिसऱ्या इसमाच्या फेऱ्या वाढल्या.

वाचक बंधूंनो, जमीन विकणे हा गुन्हा नाही. मुलीचे लग्न, आजारपण, मुंबईतील खोलीची पागडी, कारणे खरी असतात. पण कापडाचा ताका फाडण्यापूर्वी आपण तो दोनदा मोजतो, तितकी काळजी आपले लोक जमिनीबाबत घेत नाहीत, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

१९९६ साली आमच्या थोरल्या चाचांनी किनाऱ्यालगतची बावीस गुंठे नारळाची वाडी विकली. सातबाऱ्यावर आजोबांनंतर फक्त चाचांचे नाव होते. दोन फुफींची नावे कोणी लावलीच नव्हती. "बहिणी सासरी सुखी आहेत" असे म्हणून विषय संपला होता. खरेदीखत झाले, पैसे एका दुकानाच्या अनामतीत गेले. मग फेरफाराची नोटीस निघाली आणि धाकट्या फुफीच्या मुलाने हरकत घेतली. प्रकरण काही वर्षे चालले. शेवटी तडजोड झाली आणि फुफींना त्यांचा हिस्सा रोखीने द्यावा लागला, पण तो द्यायला चाचांना आपला दुकानाचा हक्क सोडावा लागला. जमीन गेली, दुकान गेले आणि ईदला एकमेकांच्या घरी जाणे बंद झाले. त्या वाडीत आज आठ खोल्या आहेत. त्यांच्या चादरी माझ्याकडून जातात.

यात दलालाचा दोष मी कमी धरतो. दोष आमच्या कागदाचा होता. आपल्या वारसा पद्धतीत मुलीचा हिस्सा ठरलेला आहे आणि थोरला भाऊ सर्वांचा मुखत्यार नसतो. जुन्या सातबाऱ्यांवर "ए.कु.मॅ." अशी अक्षरे दिसतात, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ती पाहून बरेच जण समजतात की एका सहीने काम भागते. भागत नाही. सहहिस्सेदार विकू शकतो तो स्वतःचा हिस्सा. बहीण खरोखर राजीखुशीने हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे, घरात कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा नव्हे. मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये "जिवंत सातबारा" मोहीम काढली. त्यात ज्यांचे राहून गेले त्यांनी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. मुंबईत बसून ते सहज निघून जातात.

सर्वांत महत्त्वाची बाब पुढे आहे. १९४८ च्या कुळकायद्यातील कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. पुरावा म्हणून सातबारा मागतात. आपल्यापैकी किती दर्जी, सुतार, बेकरीवाले, भंगारवाले आज मुंबईत आहेत. त्यांचे शेतकरीपण गावच्या त्या चार-पाच गुंठ्यांवर उभे आहे. शेवटचा गुंठा विकला की तो दरवाजा बंद होतो. उद्या हातात पैसा आला तरी पुन्हा शेत घेताना अडचण उभी राहील. म्हणून विकायचेच झाले तर थोडे तरी नावावर ठेवा. बहिणींची नावे लावण्यातही हाच लाभ आहे, त्यांचीही शेतकरी म्हणून नोंद राहते.

सातबारा हातात आला की भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग २ असेल तर परवानगी वा नजराण्याशिवाय व्यवहार करू नका. "इतर अधिकार" हा रकाना लोक वाचत नाहीत आणि सोसायटीचे कर्ज, कुळाचे नाव, कलम ४३ चा शेरा नेमका तिथेच असतो.

आता खोल्यांकडे वळू. किनाऱ्याच्या बांधकामावर १९९१ पासून सीआरझेडचे बंधन आहे. भरतीरेषेजवळची जागा घेऊन वाटेल तसे हॉटेल उठवता येत नाही. मात्र २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिक लोकांनी राहत्या घरात, घराचा पाया व दर्शनी रूप न बदलता, पाहुणे ठेवण्यास वाव आहे. म्हणजे आजोबांचे चिऱ्याचे घर हेच आपले भांडवल. ते विकून येणारा माणूस दुसरीकडे तेवढ्याच सोयीची जागा शोधत फिरतो, हे मी पाहिले आहे.

धंदा बारमाही नाही हे ध्यानात ठेवा. पावसाळ्यात समुद्रातील फेरी, स्कूबा बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद, त्यामुळे ताटात ताजा मासा नाही. खरी कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची. समजा, दोन खोल्या, भाडे दीड हजार आणि वर्षात शंभर रात्री भरल्या तर तीन लाख होतात. त्यातून वीज, पाणी, कपडे धुणे आणि रंगरंगोटी वजा करा. चहाचे दूधसुद्धा बहुधा घाटावरून येते; कोल्हापूरचा "गोकुळ" १९६३ पासून उभा आहे आणि आपल्याकडे दूधधंदा अजून तितका रुजला नाही. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्याचे दूध शेजारचे खोलीवाले घेतील.

कापडाचे माझे शास्त्र एवढेच: एका खाटेमागे तीन जोड ठेवा. एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पांढरी चादर शोभते, पण आपल्या लाल मातीचा डाग तिच्यावरून जात नाही. फिकट बदामी किंवा राखाडी घ्या. सोलापुरी जाड चादर थंडीत उत्तम, जुलैत वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. टॉवेल मात्र सोलापूरचेच घ्या. तयार संच महाग पडतात, म्हणून ताका घेऊन गावातील दर्ज्याकडून शिवून घ्या आणि सुती कापड आटते हे धरून लांबीरुंदी थोडी जास्त सोडा. अभ्रे, पडदे, मच्छरदाणीच्या झालरी, ही कामे आपल्याच मुलांची आहेत.

ज्याला स्वतः खोल्या चालवणे जमणार नाही त्याने घर भाड्याने द्यावे. करार एक वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर तो नोंदवावाच लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर दहा वर्षांचा कागद करून देणारे आजही आहेत. त्यांना नकार द्या, आणि घराबरोबरची शेतजमीन करारात घालू नका, कारण कुळाचा वाद उभा राहिला तर तो तुमच्या नातवापर्यंत चालेल.